वॉरेनच्या वाट्याचं पाणी

मी कळशी बोलतेय. तांब्याची, गळ्याशी जरा चेपलेली, नाहूर गावठाणातल्या बेटीच्या घरची. आता मी त्या घरात नाही. कशी बाहेर पडले ते सांगेनच, पण आधी तो मंगळवार सांगायला हवा.

नाताळाच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार होता. बेटी चटई टाकून फराळाचे गोड कलकल वळत बसली होती. मैद्याची गोळी कंगव्यावर दाबायची, अंगठ्याने गुंडाळत आणायची, की रेघांची शिंपी तयार. तो कंगवा वर्षातून एकदाच, एवढ्या कामापुरता डब्यातून बाहेर निघतो. तिचा नवरा अर्बन खिडकीशी मोबाइल नाकाला टेकवून वाचत होता. चष्मा कपाळावर. मी नेहमीसारखी कपाटावर.

“रोमवरून, पोपचा कागद आलाय,” अर्बन म्हणाला.

“कसला?”

“चर्चच्या ग्रुपवर टाकलाय कोनीतरी. सकाळपासून भांडतायत सगळे. एक म्हनतो देवाची दया, दुसरा म्हनतो जगबुडी.” त्याने चष्मा खाली ओढला आणि शब्द शब्द लावत वाचलं. “दोन पुरुष, नायतर दोन बाया, असं जोडपं आलं तरी फादर त्यांना आशीर्वाद देऊ शकतो. लग्न नाय. नुसता आशीर्वाद.”

बेटीचा अंगठा कंगव्यावर तसाच राहिला. पीठ दातांत शिरलं.

“परत वाच.”

“लग्न नाय, हे पुन्हा पुन्हा लिवलंय बघ.”

“ते ऐकलं मी. दुसरं वाच.”

त्याने परत वाचलं. मग बेटीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. देव्हाऱ्यातल्या पवित्र मरियेकडे नाही, भिंतीवरच्या क्रुसाकडे नाही. कपाटावर, माझ्याकडे.

ती माझ्याकडेच का बघते, हे कळायला माझा जन्म सांगितला पाहिजे.

मला ठाण्याच्या एका तांबटाने ठोकून घडवलं. अर्बनच्या आईने स्वतःच्या लग्नात मला सासरी आणलं. ही सगळी इथली जुनी ख्रिस्ती माणसं, भाताची शेती केलेली, मराठी बोलणारी. ह्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बँड पुढे, बाया मागे, सगळा गाव विहिरीवर जातो. विहिरीजवळचं उंबराचं झाड केव्हाच गेलं, नाव राहिलं. तिथून पाणी भरून आणायचं आणि त्याने नवऱ्या मुलाला किंवा मुलीला न्हाऊ घालायचं. मगच दुसऱ्या दिवशी चर्च. त्या घरात कळशी डोक्यावर घ्यायचा मान आईचा.

मी अर्बनच्या बहिणींसाठी गेले, अर्बनसाठी गेले. बेटीच्या मुलीसाठी, लिओनासाठी गेले तेव्हा बेटीने मला पहिल्यांदा डोक्यावर घेतलं. ती घाबरली होती. चुंबळ सरकत होती, पाणी तिच्या मानेवरून लुगड्यात उतरत होतं, आणि लिओनाचा धाकटा भाऊ वॉरेन समोर उलटा चालत नाचत होता.

“मम्मी, सांडलं तर लिओना अर्धीच धुतली जाईल हां!”

“गप रे मेल्या. तुझ्या वेळेला बघ कशी भरून आणते. एक थेंब नाय सांडनार.”

हे बोलणं मी ऐकलं. माणसं अशी वाक्यं सहज टाकतात आणि पुढे चालू लागतात. आमच्यासारख्या वस्तू ती धरून बसतात.

लग्न झालं की माणसं कळशीला विसरतात. मला कपाटावर चढवलं. बेटीने माझ्यात काय काय ठेवायला सुरुवात केली: झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या सुकलेल्या पाती, तुटलेल्या जपमाळा, वॉरेन चर्चमध्ये गिटार वाजवायचा तिच्या जुन्या तारा. वॉरेनच्या गिटारशिवाय रविवारी सातची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होत नसे. बेटी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायची, तिथून त्याचा हात दिसायचा.

वॉरेन एकतीस वर्षांचा झाला तरी लग्नाचं नाव काढीना. एप्रिल महिना होता, बॉटल मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर वाळत होत्या, घरभर ठसका होता. वॉरेन पवईहून आला होता. तिथल्या एका ऑफिसात तो नोकरी करायचा आणि निमेश नावाच्या मित्राबरोबर राहायचा.

“मम्मी, डॅडी. निमेश माझा नुसता फ्लॅटमेट नाही.”

बेटी शिंकत होती. शिंकता शिंकता थांबली.

“मी लग्न करणार नाही असं नाही. मुलीशी करणार नाही. मला जमणार नाही ते.”

त्या घरात आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं, असं मला पुढे कित्येकदा वाटलं. अर्बन उठला, “मिरच्या पलटायला हव्यात,” म्हणाला आणि गच्चीवर गेला. दिवेलागणीपर्यंत खाली आला नाही. त्या दिवसाच्या मिरच्या सगळीकडून सारख्या लाल झाल्या.

पुढे कुणाच्या तरी तोंडून ते चर्चपर्यंत गेलं. त्या वेळचे फादर वाईट नव्हते. त्यांनी वॉरेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “थोडे दिवस आराम कर.” थोडे म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि वॉरेनने विचारलं नाही. गिटार वाजवायला दुसरं कुणी आलं. बेटी डावीकडच्या बाकावर बसू लागली. वॉरेनने मात्र चर्च सोडलं नाही. पवईच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचा. फक्त नाहूरला यायचा थांबला.

मग बेटीची बुधवारची नोव्हेना सुरू झाली. दर बुधवारी ती माहीमच्या चर्चला प्रार्थनेला जाते म्हणून निघायची. जाताना डबा भरून न्यायची आणि येताना तो धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेला परत यायचा. आपल्या घरी डबे असे कुणी पुसत नाही. काही महिन्यांनी मोठ्या डब्याबरोबर एक छोटा डबाही जाऊ लागला. त्यात बटाट्याची भाजी.

“हा कोनासाठी?” अर्बनने एकदा विचारलं.

“नोव्हेनाला उपासवाली मान्सं पन असतात.”

अर्बनने पेपर उलटला. पुढच्या आठवड्यात, बेटी डबा भरत असताना, पेपरमागूनच म्हणाला, “डुकराचं विंदालू जरा जास्त घाल. बुधवारची गर्दी असते.”

सहा वर्षं असंच चाललं. म्हणून त्या मंगळवारी कागदाची बातमी आली तेव्हा बेटीने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा भार डोक्यावर आठवला असणार. मला तर रोज आठवत होता.

त्या नाताळाला वॉरेन घरी आला. निमेशलाही घेऊन आला. उंच, हडकुळा, मुलुंडच्या गुजराती घरातला मुलगा. दारात चपला सरळ लावून ठेवणारा. अर्बनने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ह्याला घालायचं काय? आपल्याकडे बटाटापन डुकराच्या शेजारी शिजतो.”

“अंकल, मी फक्त कलकल खाईन. चालेल.”

“कलकल खाऊनच असा झालाय वाटतं.”

बेटीने मात्र निमेशसाठी सकाळीच बिनअंड्याचे फुगे, मैद्याचे गोल पाव, तळून वेगळ्या टोपलीत झाकून ठेवले होते. टोपली तिने त्याच्यासमोर सरकवली.

लिओना नवऱ्याला सासरीच ठेवून जेवायला एकटी आली होती. बारा वर्षं ती रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. जेवण अर्ध्यावर आलं आणि विषय निघालाच.

“वॉरी, मला तुझा राग नाहीये,” ती म्हणाली. “पण तो कागद आला म्हणून सगळं बदललं असं समजू नकोस. लग्न म्हणजे काय, हे मी पोरांना शिकवते. आणि मी ते मानते रे. दाखवायला नाही मानत.”

“मी पण मानतो. म्हणून तर आशीर्वाद मागतोय. नाहीतर मला काय पडलं होतं?”

“मग चर्च सांगतं तसं राहा ना.”

“म्हणजे एकटा?”

“राहतात लोक.”

“तू राहशील?”

लिओनाच्या हातातला फुगा तसाच राहिला. तिचे डोळे भरले. मी वरून पाहत होते, तिला जिंकायचं नव्हतं. तिचा भाऊ आणि तिचा धर्म दोन्ही तिचेच होते, आणि एकाला हात दिला की दुसरा सुटत होता.

“जेवा आता,” अर्बन म्हणाला. “बिशपांचं अजून ठरत नाय, तुमचं काय एका जेवनात ठरनार?”

जानेवारीत फादर रेमी घरी आले. नवे, वसईकडचे, चाळिशीच्या आतले. वॉरेन आणि निमेश ह्यांनी पवईला स्वतःचं घर घेतलं होतं. ईस्टरनंतर त्या घराला आशीर्वाद द्यायला यावं आणि त्याच वेळी दोघांच्या डोक्यावर एकत्र हात ठेवावा, एवढंच बेटीचं मागणं होतं. फादरनी चहा संपेपर्यंत विचार केला.

“येईन, आंटी. शब्द देतो. पण लग्नासारखं काही दिसायला नको. बँड नको, हार नकोत, त्याला जोडून दुसरा कसला कार्यक्रम नको. कागदात ते स्पष्ट आहे. आणि आधीच माझ्याविरुद्ध दोन पत्रं गेलीत.”

बेटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आनि आदल्या दिवशी उंबराचं पानी आनलं तर?”

“ते लग्नाचंच ना, आंटी?”

“हो. लग्नाचंच.”

“मग मला येता येणार नाही.” ते हळू बोलले. त्यांनाही ते जड जात होतं.

फादर गेल्यावर अर्बन म्हणाला, “पानी आन तू. फादर त्याचं बघेल.”

बेटी दचकली. मीही दचकले. हाच माणूस मिरच्या पलटायला गेला होता.

“आशीर्वाद पयला,” बेटी म्हणाली. “सहा वर्षं थांबला पोरगा त्याच्यासाठी. पानी काय, विहीर कुठे पळून जात नाय. पावसाळा झाला की आनू.”

ती वॉरेनला विचारून पाहती तर त्याने काय सांगितलं असतं? मला ठाऊक आहे, कारण पुढे तो बोलला. तेव्हा तिने विचारलं नाही. लेकराला जे मोठं वाटत असेल असं तिला वाटलं, ते तिने आधी निवडलं. मला खाली काढलं होतं, चिंच लावून घासलंही होतं. पुसून परत वर ठेवलं.

ईस्टर झाला. फादर रेमींचा फोन आला, “जरा थांबू या, आंटी. कुठले बिशप हो म्हणतात, कुठले नाही. माझ्या वरच्यांकडून नीट कळू दे.” बेटी थांबली. थांबायची तिला सवय होती.

मे महिन्यात एका शुक्रवारी सकाळी अर्बन दाढी करता करता खुर्चीत बसला. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. बेटीने दोनदा हाक मारली.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. त्या दिवसापासून खिडकीशी खुर्ची आहे आणि तिच्यात पेपर नाही, एवढंच.

दफनभूमीत काय झालं ते मी पाहिलं नाही, घरी बोलणं झालं ते ऐकलं. माती लोटून झाल्यावर फादर रेमी वॉरेन आणि निमेशजवळ आले. दोघं शेजारी उभे होते. फादरनी एक हात एकाच्या डोक्यावर, दुसरा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला आणि ओठ हलवले. एक ‘प्रणाम मरिये’ प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ.

“तोच आशीर्वाद होता,” बेटी म्हणाली.

“सांत्वन होतं, मम्मी,” लिओना म्हणाली. “मला पण ठेवला ना हात.”

“तुला एकटीला ठेवला. त्यांना दोघांना एकदम.”

वॉरेन म्हणाला, “मला काही कळलं नाही. मी रडत होतो.”

जून लागला आणि फादर रेमींची बदली झाली. त्यांना विचारायचं राहून गेलं. घरात आजही त्यावर दोन मतं आहेत.

बेटीने वर्षभर काळं नेसलं. त्या वर्षात घरात गाणंबजावणं नाही, हे ठरलेलंच. अर्बनच्या वर्षाची मिस्सा झाली त्या दिवशी सगळे जेवायला थांबले. वॉरेन बेसिनशी हात धुता धुता, पाठमोराच म्हणाला, “मम्मी, आशीर्वादाचं झालं तेवढं पुरे. मला पाणी हवं होतं. तू आणलेलं. मी ते आधीच सांगायला हवं होतं.”

बेटी खाली बसली. “फादर नको म्हनाले होते रे.”

तेव्हा बोलली ती लिओना. मी सगळ्यात कमी अपेक्षा जिच्याकडून ठेवली होती ती.

“तू फादरना विचारलंसच कशाला? आजवर कुठल्या फादरने विहिरीवर पाऊल टाकलंय? लग्नाचा संस्कार चर्चचा, त्याबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण पाणी आपल्या बायांचं. आईने लेकराला न्हाऊ घालायचं, त्याला परवानगी कुणाची?”

“हे तू आता सांगतेस?”

“मला विचारलंस कुठे? फादरना विचारलंस.”

बेटीने कपाटावर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आता मी उचलू शकत नाय.”

कुणालाच कळेना. मला कळलं. लिओनाच्या लग्नात अर्बनची आई, तेव्हा विधवा झालेली, बँडच्या मागे लांबून चालत आली होती. मला तिने जन्मभर वापरलं, पण त्या दिवशी हातसुद्धा लावला नाही. नवरा हयात असलेल्या बाईनेच ही कळशी डोक्यावर घ्यायची. हेही कुठल्या फादरने सांगितलेलं नाही. बायांनीच ठरवलं, बायांनीच पाळलं.

“मम्मी, असं काही नसतं गं,” वॉरेन तिच्यासमोर उकिडवा बसला. “मला चालेल. मला तूच हवीस.”

“तुला चालेल रे. तुझं काय वाईट झालं तर मना चालनार नाय.” मग ती लिओनाकडे वळली. “तू उचल. तुझा नवरा हाय.”

लिओनाने ताटं गोळा करायला घेतली. एकावर एक, सावकाश. “कळशी डोक्यावर घेतली की गाव विचारणार, लग्न कोणाचं? मी काय सांगू, मम्मी? खोटं सांगायचं नाहीये मला. आणि खरं सांगायला जमत नाहीये.”

निमेश दारापाशी उभा होता. त्याने तिच्या हातातली ताटं घेतली आणि मोरीत नेऊन ठेवली.

त्यानंतरच्या रविवारी बेटीने मला खाली उतरवलं. पाती, जपमाळा, तारा काढून एका पिशवीत भरल्या. मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, रिक्षा केली आणि मांडीवर घेऊन पवईला आणलं. नाहूरला आल्यापासून पहिल्यांदा मी विहिरीची वाट सोडून कुठे गेले.

वॉरेनने दार उघडलं.

“घे,” बेटी म्हणाली. “तुझी हाय.”

त्याने मला दोन्ही हातांनी घेतलं, वजनाचा अंदाज घेतला आणि आत डोकावून पाहिलं. बेटीच म्हणाली, “बघते रे. मनाची तयारी होऊ दे जरा.”

आता मी अकराव्या मजल्यावर, दिवाणखान्यात, खिडकीजवळच्या स्टुलावर असते. निमेश मला दर शनिवारी लिंबाने पुसतो. माझ्यावर त्याचं जेवढं लक्ष आहे तेवढं कुणाचंच नव्हतं. खिडकीतून पवईचा तलाव दिसतो. एवढं पाणी मी कधी एका ठिकाणी पाहिलं नव्हतं, आणि त्यातलं एक तांब्याभर माझ्या कामाचं नाही. बेटी बुधवारी इथेच येते आता. नोव्हेनाचं निमित्त राहिलेलं नाही. तिघं जेवतात, निमेश डबा पुसून देतो. निघताना ती माझ्या गळ्यावरून हात फिरवते, जिथे चेपलेय तिथे तिचा अंगठा थांबतो, आणि वॉरेन दुसरीकडे बघतो.

बेटी, मला बोलता येत असतं तर तुला एवढंच सांगितलं असतं. मी तांबं आहे गं. मला डोक्यावर घेणारीचा नवरा आहे की गेलाय, हे मी कधी तपासलं नाही. पाणी भरलं की मी जड होते आणि रिकामी असले की हलकी, एवढंच मला समजतं. चर्चमध्ये काय ठरेल ते ठरायला वर्षं जातील. त्यात शहाणी माणसं गुंतली आहेत आणि त्यांच्यातलं कुणी वाईट नाही. पण तुझे गुडघे आहेत तोवरच तू आहेस. बँड नको, गाव नको. तुझा लेक पुढे उलटा चालायला तयार आहे, चाळिशीला टेकला तरी. विहिरीवर महापालिकेने जाळी टाकली आहे, तिला मध्ये झाकण आहे, ते उघडतं.

मागच्या बुधवारी वॉरेनने तिला विचारलं, “मम्मी, पुढच्या महिन्यात जायचं का?” बेटी म्हणाली, “बघू.” त्याआधीच्या महिन्यातही ती “बघू” म्हणाली होती.

वॉरेनसाठी पाणी आणायला आम्ही अजून गेलेलो नाही.